नारळ कधी द्यावा? जनरल मॅनेजरच्या हकालपट्टीचा वाद : डॅलस, फिलाडेल्फिया आणि इतर काही संघ

आपल्या संघाच्या जनरल मॅनेजरला आत्ताच नारळ द्यावा, हंगाम संपेपर्यंत थांबावे की त्याला काढूच नये, हा वाद अमेरिकी बास्केटबॉलमध्ये दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शहरात पेटलेला असतो. माझा भाचा डॅलसच्या उत्तरेला प्लेनो येथे राहतो आणि डॅलस मॅव्हरिक्सच्या सामन्यांची तिकिटे गेली काही वर्षे नियमाने काढत आला आहे. फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२५ या काळात त्याच्या प्रत्येक फोनमध्ये हा विषय निघत असे. त्याचा एक मित्र पहिल्या दिवसापासून ‘हाकला’ या पक्षाचा होता, दुसरा ‘निदान एक पूर्ण हंगाम पाहू द्या’ या पक्षाचा, आणि भाचा दोघांच्या मध्ये लटकलेला. पुढील तुलना त्याच्यासारख्या, अजून बाजू न ठरवलेल्या चाहत्यासाठी केली आहे, मग त्याचा संघ कोणताही असो.

ज्यांचा एनबीएशी, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या लीगशी, फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे की, क्रिकेटमध्ये निवड समिती, लिलावाच्या टेबलावर बसणारी मंडळी आणि पैशाचा हिशेब सांभाळणारा अधिकारी यांच्यात जी कामे वाटलेली असतात, ती जवळपास सगळी तेथे जनरल मॅनेजरच्या एका खुर्चीत एकवटलेली असतात. कोणता खेळाडू द्यायचा, कोणता घ्यायचा, जूनमधील ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने करायच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणाला निवडायचे, खेळाडूंच्या एकूण पगारावरील वेतनमर्यादेत कोणाला किती द्यायचे, हे तो ठरवतो. मालकाची संमती लागते. परंतु सौदा शिजतो तो याच्या चुलीवर. खेळाडूंचे करार वेतनमर्यादेत मोजले जातात, मॅनेजरचा पगार मात्र मोजला जात नाही. त्यामुळे त्याला मुदतीआधी काढले, तर उरलेल्या कराराचा भुर्दंड फक्त मालकाच्या खिशाला बसतो. संघबांधणीच्या पैशाला हात लागत नाही. ‘करार शिल्लक आहे, म्हणून थांबा’ असे सांगणाऱ्यांचा मुद्दा येथेच निकालात निघतो.

डॅलस : दोन्ही बाजूंची वही

निको हॅरिसन हे मूळचे नाइके कंपनीतील अधिकारी. जून २०२१ मध्ये ते जनरल मॅनेजर म्हणून डॅलसला आले. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना वेड्यात काढणे सोपे असले, तरी त्यांची वही आधी नीट वाचली पाहिजे. पहिल्याच वर्षी संघ पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी ब्रुकलिनकडून कायरी अर्व्हिंगला आणले, तेव्हा अर्व्हिंगच्या स्वभावावरून बहुतेकांनी डोक्याला हात लावला होता. प्रत्यक्षात त्याने डॅलसमध्ये आपल्या कारकिर्दीतील अत्यंत शांत आणि उत्तम खेळ केला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर डेरिक लाइव्हली मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये डॅनियल गॅफर्ड आणि पी. जे. वॉशिंग्टन हे दोघे एकाच दिवशी आले आणि चार महिन्यांत संघ थेट एनबीएच्या अंतिम मालिकेत पोहोचला. बॉस्टनने ती मालिका ४-१ अशी जिंकली हे खरे. परंतु त्या मालिकेत डॅलसचे जे पाच खेळाडू सुरुवातीला मैदानात उतरत होते, त्यांपैकी लुका डॉन्चिच वगळता बाकीचे चौघेही हॅरिसन यांनी आणलेले होते. एवढे काम केलेल्या माणसाला बिनडोक म्हणणे मला पटत नाही.

आता दुसरी बाजू. २०२२ च्या उन्हाळ्यात जेलन ब्रन्सन हा गुणी गार्ड संघ सोडून न्यूयॉर्कला गेला आणि त्याच्या बदल्यात डॅलसला काहीही मिळाले नाही. पुढे तोच न्यूयॉर्कचा कर्णधार झाला. तरीही हे एक प्रकरण अंतिम मालिकेच्या आनंदात विसरले गेले असते. विसरता न येण्यासारखी गोष्ट घडली ती फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास. भारतात तेव्हा रविवारची सकाळ होती. पोह्यांची बशी हातात असताना मोबाइलवर बातमी झळकली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो, बातमी देणाऱ्या पत्रकाराचे खाते कोणीतरी बळकावले असावे, असा. पंचविशीतला, सलग पाच हंगाम एनबीएच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेलेला डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला होता. बदल्यात एकतिशीचा, दुखापतींनी ग्रासलेला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी हा तरुण खेळाडू आणि लेकर्सचा २०२९ च्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीचा एकच निवडहक्क, म्हणजे खेळाडू निवडण्याची पाळी, मिळाला होता.

हॅरिसन यांचे म्हणणे होते की, विजेतेपद बचावाच्या जोरावर मिळते आणि डॉन्चिच बचावात कमी पडतो. शिवाय त्याच उन्हाळ्यात त्याच्याशी सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा करार करण्याची वेळ येणार होती आणि त्याच्या तंदुरुस्तीविषयी संघाच्या मनात शंका होती. या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु ‘हाकला’ पक्षाचा खरा आक्षेप सौद्याच्या कारणावर नव्हता. तो सौद्याच्या पद्धतीवर होता. असा खेळाडू विकायचाच तर बाजारात त्याची बोली लावायची असते. हॅरिसन यांनी एकाच संघाशी, गुपचूप बोलणी उरकली. मंडईत हापूसची पेटी घेऊन जावे आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला, शेजारच्या गाळ्यावर काय भाव चालला आहे हे न विचारता, देऊन मोकळे व्हावे, असा तो प्रकार होता.

पुढचा क्रम तर नशिबानेच लिहिल्यासारखा. डेव्हिसने ८ फेब्रुवारीच्या पदार्पणात २६ गुण आणि १६ रिबाउंड मिळवले आणि त्याच सामन्यात तो दुखापतीने बाहेर गेला. त्या हंगामात तो डॅलसकडून एकूण नऊच सामने खेळला. ३ मार्चला अर्व्हिंगच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. संघाने ३९ विजय व ४३ पराभव अशी कामगिरी केली आणि प्ले-इनमध्ये, म्हणजे बाद फेरीत शिरण्यासाठीच्या पात्रता सामन्यांत, मेम्फिसकडून हरून तो घरी गेला. ‘फायर निको’ (निकोला हाकला) ही घोषणा तोवर सामन्याच्या ढोलासारखी नियमित झाली होती. संघाचा जुना दिग्गज डर्क नोवित्स्की याच्या स्टेडियमबाहेरील पुतळ्यासमोर चाहत्यांनी शवपेटी आणून ठेवली होती; स्टेडियममध्ये ही मागणी करणाऱ्या काही प्रेक्षकांना बाहेरही काढण्यात आले, आणि त्यामुळे घोषणा आणखी वाढल्या. ९ एप्रिलला डॉन्चिच लेकर्सच्या गणवेशात डॅलसला आला, तेव्हा भाचा सामन्याला गेला होता. प्रत्येक खुर्चीवर एक टी-शर्ट ठेवलेला होता आणि त्यावर स्लोव्हेनियन भाषेत ‘सगळ्याबद्दल आभार’ असे छापलेले होते. सामन्यापूर्वीची चित्रफीत पाहताना डॉन्चिचच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि त्यानंतर त्याने ४५ गुण केले. भाच्याने तो टी-शर्ट अंगात घातला नाही. घरी आणून घडीसकट कपाटात ठेवला.

फिलाडेल्फिया : आकडे वाईट, खटला कमकुवत

तुलनेसाठी दुसरे टोक घेतो. सॅम हिंकी मे २०१३ मध्ये फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सचे जनरल मॅनेजर झाले. निव्वळ विजय-पराभव पाहिले, तर त्यांच्यापुढे हॅरिसन संतच वाटावेत. पहिल्या हंगामात १९, दुसऱ्यात १८ आणि तिसऱ्यात अवघे १० विजय, म्हणजे तीन हंगामांच्या २४६ सामन्यांत एकूण ४७. पहिल्याच हंगामात सलग २६ पराभव. आधीच्या वर्षी ऑल-स्टार, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडला गेलेला, जरू हॉलिडे त्यांनी आल्या आल्या विकला, आणि त्याच्या बदल्यात आलेला नर्लेन्स नोएल गुडघ्याच्या दुखापतीमुळे पूर्ण वर्षभर बसून राहिला.

यात फरक असा की, हे हरणे ठरवून होते आणि तसे ते लपवलेही नव्हते. सर्वांत वाईट संघांना ड्राफ्टच्या सोडतीत वरचा क्रमांक मिळण्याची संधी अधिक असते. तेव्हा मधल्या क्रमांकावर वर्षानुवर्षे कुजत राहण्यापेक्षा काही वर्षे तळाला जावे, निवडहक्क साठवावेत आणि त्यांतून एखादा असामान्य खेळाडू मिळवावा, असा तो हिशेब होता. ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ हे त्या काळातील चाहत्यांचे घोषवाक्य झाले, निम्म्यांच्या तोंडी श्रद्धेने आणि निम्म्यांच्या तोंडी उपहासाने. तिकीट काढून येणाऱ्या माणसाला तीन वर्षे हरणारा संघ दाखवणे ही फसवणूक आहे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. एनबीएलाही हा प्रकार रुचला नाही. पुढे २०१९ पासून सोडतीचे नियम बदलून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच १४ टक्के संधी देण्यात आली.

हिंकी यांना कोणी अधिकृतपणे काढले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मालकांनी जेरी कोलँजेलो या ज्येष्ठ बास्केटबॉल प्रशासकांना त्यांच्या डोक्यावर आणून बसवले, पुढे अधिकार आणखी कमी होणार हे दिसू लागले, आणि ६ एप्रिल २०१६ रोजी हिंकी तेरा पानी पत्र लिहून पायउतार झाले. आपल्याकडच्या कार्यालयांत ज्याला ‘बाजूला बसवणे’ म्हणतात, तेच हे.

आता त्या तारखेकडे नीट पाहावे. हिंकी गेले त्या दिवसापर्यंत, त्यांनी २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला जोएल एम्बीड पायाच्या दुखापतीमुळे एनबीएचा एकही सामना खेळलेला नव्हता. पुढच्याच महिन्यातील सोडतीत संघाला पहिला क्रमांक मिळाला आणि त्यातून बेन सिमन्स आला. २०१७-१८ मध्ये त्याच संघाने ५२ सामने जिंकले, आणि २०२२-२३ मध्ये एम्बीड एनबीएचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. म्हणजे ज्या आरोपावर हिंकी यांचा निकाल लागला, त्या आरोपातील मुख्य साक्षीदार कोर्टात उभाच राहिलेला नव्हता. अर्थात यावरून हिंकी यांची योजना यशस्वी झाली असे ठोकून देणेही धाडसाचे होईल, कारण एम्बीडच्या काळातील तो संघ २०२५ पर्यंत बाद फेरीचा दुसरा टप्पा एकदाही ओलांडू शकलेला नव्हता. मी एवढेच म्हणेन की, २०१६ च्या एप्रिलमध्ये निकाल देण्याइतका पुरावा हाती नव्हता.

डॅलसमध्ये स्थिती नेमकी उलटी होती. पराभव कमी, पण पुरावा पुरा. डॉन्चिचने ऑगस्ट २०२५ मध्ये लेकर्सशी तीन वर्षांचा १६.५ कोटी डॉलरचा नवा करार केला आणि तो परत येण्याची कोणी धरून ठेवलेली वेडी आशाही संपली. ‘थांबा’ पक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा हा होता की, डेव्हिस, अर्व्हिंग आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला नवा कूपर फ्लॅग हे त्रिकूट एकत्र एक मिनिटही खेळलेले नाही, मग निकाल कसा द्यायचा? वरवर पाहता हा मुद्दा एम्बीडच्या मुद्द्यासारखाच वाटतो. परंतु एम्बीड तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि काळ त्याच्या बाजूने होता. डेव्हिस बत्तिशीचा, अर्व्हिंग तेहतिशीचा आणि फ्लॅग अठराचा. थांबण्याने यांतील दोघे म्हातारे होणार होते आणि तिसरा अजून तयार व्हायचा होता. कच्च्या आंब्यासाठी अढी लावून थांबणे निराळे आणि पिकून गेलेल्या आंब्यासाठी थांबणे निराळे.

गर्दीला काय कळते?

चाहत्यांच्या घोषणांवर निर्णय घेऊ नये, असे सुजाण लोक नेहमी सांगतात, आणि त्यांच्याकडे टोरंटोचे भक्कम उदाहरण आहे. जुलै २०१८ मध्ये टोरंटो रॅप्टर्सचे कारभारी मसाई उजिरी यांनी डेमार डीरोझन हा शहराचा जीव की प्राण असलेला खेळाडू सॅन अँटोनियोला देऊन क्वाय लेनर्डला आणले. लेनर्ड आधीच्या हंगामात केवळ नऊ सामने खेळलेला होता आणि त्याच्या कराराचे एकच वर्ष नक्की होते. टोरंटोत त्या दिवशी मतदान घेतले असते, तर उजिरी यांचे काही खरे नव्हते. २०१९ च्या जूनमध्ये टोरंटोने गोल्डन स्टेटला ४-२ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. लेनर्ड पुढच्याच महिन्यात निघून गेला, तरी कोणाची तक्रार उरली नाही.

डॅलसमधील ‘थांबा’ पक्ष हेच उदाहरण पुढे करत असे. ते लागू पडत नाही, आणि कारण साधे आहे. टोरंटोने चांगला खेळाडू देऊन त्याहून चांगला घेतला. लेनर्ड त्यापूर्वी दोनदा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला आणि एका अंतिम मालिकेचा मानकरी होता. डॅलसने अधिक चांगला आणि सहा वर्षांनी लहान खेळाडू देऊन थोरला घेतला. दोन्ही ठिकाणी गर्दी रडली, पण एका ठिकाणी ती प्रेमापोटी रडत होती आणि दुसऱ्या ठिकाणी तिचे गणितही बरोबर होते. बाजू ठरवणाऱ्याने हे दोन हिशेब वेगळे करावेत. आवडता माणूस गेल्याचे दुःख वजा केल्यावर आक्षेपात काही शिल्लक उरते का, हे पाहावे. डॅलसमध्ये बरेच उरत होते.

जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो. २०२४ च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माचे कर्णधारपद काढून हार्दिक पंड्याला दिले, तेव्हा वानखेडेवरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती हार्दिकची. म्हणजे निर्णय ज्याने घेतला तो नामानिराळा राहिला आणि ज्याच्या पदरात निर्णय पडला त्याने शिव्या खाल्ल्या. डॅलसच्या प्रेक्षकांनी डेव्हिसला बोल लावला नाही. राग कोणावर काढायचा हे त्यांना नीट ठाऊक होते. हा प्रेक्षक अडाणी आहे असे निदान मी तरी म्हणणार नाही. या रागाची एक किंमत मात्र खेळाडूंना मोजावी लागली. १० नोव्हेंबरला मिलवॉकीविरुद्धच्या, दोन गुणांनी हरलेल्या सामन्यात अगदी शेवटी वॉशिंग्टन फ्री थ्रोसाठी, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या विनाअडथळा फेकीसाठी, उभा होता. आपला खेळाडू फ्री थ्रो टाकताना घरचे प्रेक्षक श्वास रोखून शांत बसतात, हा या खेळातला रिवाज. त्या रात्री तेवढ्यातही ‘फायर निको’ चालूच होते.

नोव्हेंबर की एप्रिल?

दुसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबर २०२५ रोजी, हॅरिसन यांना काढण्यात आले. तेव्हा संघाचे तीन विजय आणि आठ पराभव झाले होते. आता काढावे की नाही हा प्रश्न सोडून कधी काढावे, याकडे वळू. कारण अनेक चाहते ‘काढा’ म्हणताना वेळेचा विचारच करत नाहीत.

हंगामाच्या मध्यावर काढण्याचा तोटा उघड आहे. चांगले उमेदवार तेव्हा इतर संघांच्या नोकरीत असतात आणि उन्हाळ्यापर्यंत बहुधा मिळत नाहीत. मग घरातल्याच कोणाला तरी हंगामी म्हणून बसवावे लागते. डॅलसने मायकल फिन्ली आणि मॅट रिकार्डी या दोघांकडे मिळून कारभार सोपवला. हंगामी माणूस मोठा सौदा करायला कचरतो, किंवा कायम होण्याच्या आशेने नको तो सौदा करतो. म्हणून सर्वसाधारण नियम असा की, हंगाम संपू द्यावा, एप्रिलमध्ये काढावे, आणि नव्या माणसाला जूनच्या ड्राफ्टपूर्वी निदान सहा-आठ आठवडे द्यावेत.

न्यू ऑर्लीन्सने हा नियम अक्षरशः पाळला. २१ विजय आणि ६१ पराभवांचा हंगाम संपताच एप्रिल २०२५ मध्ये डेव्हिड ग्रिफिन यांना निरोप दिला आणि लगोलग जो डुमार्स यांना आणले. वेळ अगदी पंचांगात पाहिल्यासारखी. पण त्याच जूनमध्ये नव्या कारभाऱ्यांनी ड्राफ्टमध्ये तेविसाव्या क्रमांकावरून तेराव्यावर जाण्यासाठी अटलांटाला २०२६ चा पहिल्या फेरीचा हक्क कोणतीही अट न घालता देऊन टाकला. स्वतःचा संघ तळाला असताना पुढच्या वर्षीचा हक्क विनाअट देणे म्हणजे घराच्या चाव्या अनोळखी माणसाच्या हाती ठेवून गावाला जाण्यासारखे आहे. पुढच्या हंगामाची सुरुवात दोन विजय आणि दहा पराभव अशी झाली आणि प्रशिक्षक विली ग्रीन यांची नोकरी गेली. तेव्हा मुहूर्त चांगला असला म्हणजे लग्न टिकतेच असे नाही.

डेन्व्हरने याच्या नेमके उलट केले. ८ एप्रिल २०२५ रोजी, साखळीचे केवळ तीन सामने उरले असताना, ४७ विजय मिळवलेल्या संघाचे जनरल मॅनेजर कॅल्व्हिन बूथ आणि २०२३ चे विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक मायकल मलोन या दोघांनाही एकाच दिवशी घरी पाठवण्यात आले. बूथ यांना स्वस्त तरुण खेळाडूंवर संघ उभा करायचा होता, मलोन यांना अनुभवी माणसे हवी होती, आणि दोघांत विस्तव जात नव्हता. जो तो म्हणाला की, ही वेळ म्हणजे निव्वळ वेडेपणा. संघाने पहिली फेरी सात सामन्यांत जिंकली आणि दुसऱ्या फेरीत, पुढे विजेता ठरलेल्या ओक्लाहोमा सिटीला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवले. त्या उन्हाळ्यात, बूथ यांच्या काळात निघून गेलेला ब्रूस ब्राऊन परतही आला. वाईट मुहूर्तावरचे लग्न बऱ्यापैकी निभावले, ते घरातील भांडण मिटल्यामुळे.

मग डॅलसने एप्रिलऐवजी नोव्हेंबर निवडला हे बरोबर की चूक? माझे मत असे की, त्यांनी एप्रिल २०२५ मध्येच हे करायला हवे होते. मे महिन्यातील सोडतीत १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला पहिला क्रमांक लागला आणि फ्लॅगसारखा खेळाडू पदरात पडला. हॅरिसन यांच्या खुर्चीचे आयुष्य त्यामुळे वाढले, असे मला वाटते; ‘आता लोकांना आमची दृष्टी कळेल’ अशा अर्थाचे उद्गारही त्यांनी काढले. सोडतीतील चेंडू हा कोणाच्याही दूरदृष्टीचा पुरावा असू शकत नाही. दिवाळीला लॉटरी लागली म्हणून कोणी दुकानाचा तोटा भरून निघाला असे म्हणत नाही.

तरीही, एप्रिल हुकल्यावर पुढचा एप्रिल येईपर्यंत थांबायला डॅलसला परवडणारे नव्हते, आणि याचे कारण निवडहक्कांच्या वहीत आहे. २०२६ चा पहिल्या फेरीचा हक्क डॅलसकडे होता. २०२७ चा शार्लटला, फक्त पहिले दोन क्रमांक वगळता, दिलेला; २०२८ मध्ये अदलाबदलीचा (आपला क्रमांक देऊन डॅलसचा अधिक चांगला क्रमांक घेण्याचा) अधिकार ओक्लाहोमा सिटीकडे; २०२९ चा ब्रुकलिनमार्गे ह्यूस्टनकडे; २०३० मध्ये अदलाबदलीचा अधिकार सॅन अँटोनियोकडे. म्हणजे स्वतःच्या वाईट हंगामाचे फळ स्वतःला खात्रीने मिळणार असे २०२६ हे एकच वर्ष उरले होते, २०३१ उजाडेपर्यंत. डेव्हिसला घेऊन आत्ताच जिंकण्याच्या मागे लागायचे की फ्लॅगच्या वयाशी जुळणारा संघ उभारायचा, हा निर्णय ५ फेब्रुवारी २०२६ च्या सौदाबंदीपूर्वी, म्हणजे हंगामातील खेळाडूंच्या देवाणघेवाणीच्या शेवटच्या तारखेपूर्वी, व्हायला हवा होता. आणि तो निर्णय ज्याने डेव्हिसवर आपली सगळी अब्रू पणाला लावली होती, त्याच माणसाने घ्यावा का? हॅरिसन यांनी डेव्हिसला विकणे म्हणजे आपली चूक जगापुढे कबूल करणे झाले असते. ज्याला चूक कबूल करण्याची मोठी किंमत पडते, त्याच्या हातून ती चूक दुरुस्त होत नाही. झाल्या सौद्याची शिक्षा म्हणून त्यांना काढावे या मताचा मी नव्हतो. पुढच्या कागदावर त्यांची सही नको, या मताचा होतो. भाच्यालाही मी हेच सांगितले.

हिंकी यांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला, तर उत्तर उलटे येते. त्यांच्या हातात साठवलेले हक्क होते, अब्रू एका खेळाडूवर लावलेली नव्हती, आणि पुढच्या कागदावर त्यांची सही बहुधा अधिक शहाणपणाची ठरली असती. ती कोणाची पडली, ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या जागी जेरी कोलँजेलो यांचे चिरंजीव ब्रायन आले. २०१७ मध्ये त्यांनी आपला तिसरा क्रमांक आणि आणखी एक पहिल्या फेरीचा हक्क बॉस्टनला देऊन पहिला क्रमांक घेतला आणि मार्केल फुल्ट्झला निवडले. फुल्ट्झ फिलाडेल्फियाकडून ३३ सामने खेळला. बॉस्टनने त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम निवडला; २०२४ च्या अंतिम मालिकेत हॅरिसन यांच्या संघाला हरवणारा बॉस्टनचा संघ याच टेटमच्या आधारावर उभा होता. ब्रायन यांची गच्छंती तर जून २०१८ मध्ये, ट्विटरवरील बनावट खात्यांच्या लाजिरवाण्या प्रकरणातून झाली. ‘याला हाकला’ असे ओरडणाऱ्याने ‘मग कोणाला आणा’ हे वाक्यही तयार ठेवावे, ते यासाठी.

मालकाला कोण काढणार?

एक बाजू अशी आहे की, ती दोन्ही पक्षांच्या चाहत्यांनी टाळली. डॉन्चिचचा सौदा हॅरिसन यांनी रचला, पण मंजूर केला तो मालकांनी. मार्क क्यूबन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये बहुसंख्य हिस्सा मिरियम अॅडेल्सन आणि त्यांचे जावई पॅट्रिक ड्युमाँट यांच्या कुटुंबाला विकला होता. क्यूबन यांच्याकडे सुमारे २७ टक्के हिस्सा राहिला, पण बास्केटबॉलच्या निर्णयांतला शब्द राहिला नाही. ड्युमाँट यांना हा खेळ नवा होता. नवख्या मालकाला आत्मविश्वासाने बोलणारा मॅनेजर भेटला आणि त्याने मान डोलावली, एवढाच त्याचा सरळ अर्थ दिसतो. नोव्हेंबरमध्ये त्यांनी चाहत्यांना उद्देशून पत्र लिहिले, आणि आदल्या रात्रीच्या सामन्यात लेकर्सची डॉन्चिचची जर्सी घालून आलेल्या एका तरुण चाहत्याशी ते आपुलकीने बोलले, अशा बातम्या आल्या. हे चांगलेच झाले. परंतु ज्या मेजावर तो कागद मंजूर झाला त्याच मेजावर पुढचा कागदही येणार आहे, आणि तेथे बसणारा माणूस बदललेला नाही.

फिलाडेल्फियातही हेच झाले होते: हरण्याची योजना मालकांना माहीत होती, मान्य होती, आणि लोकांचा रोष वाढताच ती फक्त हिंकी यांची ठरली. त्यामुळे तुमच्या संघाचा वाद पाहताना सौद्याच्या वेळी मालक कोठे उभा होता आणि हकालपट्टीच्या वेळी कोठे उभा आहे, हे दोन्ही तपासावे. मॅनेजरने मालकाला न जुमानता काही केले असेल, तर त्याला काढल्याने रोग जातो. दोघांनी मिळून केले असेल, तर काढल्याने फक्त ताप उतरतो.

भारतातील काही जुन्या चाहत्यांचे डॅलसशी नाते थोडे वेगळे आहे. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये बावन्नाव्या क्रमांकावर पंजाबच्या सतनाम सिंगला याच संघाने निवडले होते. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. तो एनबीएचा सामना कधी खेळला नाही, पण त्या एका निवडीमुळे सकाळी सातला दूरचित्रवाणी लावून मॅव्हरिक्सचे सामने पाहण्याची सवय मला लागली. हॅरिसन गेल्याचा मला आनंद झाला नाही, सुटका झाल्यासारखे वाटले. माझ्या मते या दोन भावनांत बराच फरक आहे.

भाचा फेब्रुवारीपासून, एप्रिलमधील तो एकच सामना सोडला तर, स्टेडियमकडे फिरकला नव्हता. हॅरिसन गेल्याच्या आठवड्यात त्याने विचारले, ‘मामा, आता जायला हरकत नाही ना?’ मी त्याला सांगितले की, फ्लॅगसाठी जा; हंगामाची तिकिटे मात्र कायमचा जनरल मॅनेजर कोण येतो ते पाहून काढ. त्याने डिसेंबरच्या एका सामन्याचे तिकीट काढले. तो टी-शर्ट अजून घडीतच आहे.